रस्ता ओलांडला की शाळा बदलते : न्यू जर्सीत घर घेताना हद्द आणि ट्रेन

निशिगंध

नमस्कार मंडळी. गेले पाच महिने दर शनिवार-रविवारी आम्ही मध्य न्यू जर्सीत घरं बघत फिरतोय. आता दोन घरांवर येऊन गाडं अडलंय. घरात रोज तोच विषय आणि रोज नवा निर्णय, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

दोन्ही घरं एकाच टाउनशिपमधली, म्हणजे स्थानिक पालिका एकच. नाव देत नाही, व्यवहार अजून व्हायचाय. एकाच बिल्डरने एकाच सुमारास बांधलेली चार बेडरूमची कलोनियल घरं, मध्ये एक दुपदरी रस्ता. स्टॉप साइनचा साधा रस्ता, मुलं त्यावर सायकली चालवतात. पण उत्तरेकडच्या घराला एक हायस्कूल लागतं आणि दक्षिणेकडच्याला दुसरं. टॅक्सचा दर तोच, पोलीस तेच, लायब्ररी तीच, कचऱ्याची गाडीसुद्धा तीच. मागितलेल्या किमतीत फरक ८० हजार डॉलरचा. दक्षिणेकडच्या घरात किचन तीन वर्षांपूर्वी नवं केलंय. उत्तरेकडच्या घराचं छप्पर दोन-तीन वर्षांत बदलावं लागणार. तरी महाग उत्तरेकडचंच.

त्यात ट्रेन. नवरा आठवड्यातून तीन दिवस मॅनहॅटनमध्ये मिडटाउनला जातो. दक्षिणेकडच्या घरापासून स्टेशन चालत सतरा मिनिटांवर आहे, मी स्वतः घड्याळ लावून चालले. उत्तरेकडून गाडी काढल्याशिवाय सोय नाही आणि स्टेशनच्या पार्किंग परमिटची वेटिंग लिस्ट लांबलचक.

मुलगी सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला जाईल. ज्या हायस्कूलसाठी हे ८० हजार मोजायचे, तिथे पोचायला तिला अजून ९ वर्षं आहेत. मला कळत नाही ते इतकंच, की हे पैसे नक्की कशाचे? आणि ती रेघ ९ वर्षं तिथेच राहील हे कुणी ठरवायचं? ज्यांनी हा निर्णय घेतलाय त्यांनी कृपया मोकळेपणाने लिहा.

पिंपळपान

उत्तरेकडचं घ्या असं दहा जण सांगतील. घाई करू नका. एडिसनमध्ये जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हाय यांच्यावरून ही चर्चा मी किती वर्षं ऐकतोय. एकच टाउनशिप, दोन हायस्कूल, आणि आपल्या लोकांच्या तोंडी "नॉर्थ एडिसन" हे जणू वेगळंच गाव. ट्रेनबद्दल मला बरंच लिहायचंय, रात्री सवडीने लिहितो.

कवडसा

निशिगंध, तुमच्या प्रश्नावर अभ्यास झालेला आहे, आणि तोही अगदी असाच, रस्त्याच्या दोन बाजू समोरासमोर ठेवून.

नेहमीची अडचण अशी, की चांगल्या शाळेच्या आसपास घरंही मोठी असतात, झाडंही जुनी, रस्तेही शांत. मग जास्तीची किंमत शाळेची की झाडांची हे ओळखायचं कसं? सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ मध्ये बॉस्टनच्या उपनगरांतल्या फक्त त्या घरांची तुलना केली जी एकाच डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या एकाच स्थानिक विभागात) पण प्राथमिक शाळांच्या हद्दीच्या या आणि त्या बाजूला लागून होती. वस्ती तीच, टॅक्स तोच, शाळा तेवढी वेगळी. शाळेचे परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असतील तर पालक घराला साधारण २.५ टक्के जास्त मोजतात असं निघालं. हद्दीचा विचार न करता सरसकट हिशोब केला की जो आकडा येतो, त्याच्या हे निम्मं होतं. म्हणजे लोक ज्याला "शाळेची किंमत" म्हणतात त्यात निम्मा वाटा आजूबाजूचा.

पुढे २००७ मध्ये बायर, फरेरा आणि मॅकमिलन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात हेच आणखी खोलात जाऊन पाहिलं. रेघ एकदा आखली की तिच्या दोन बाजूंना राहायला येणारी माणसंही वेगळी होत जातात. एकीकडे जास्त शिकलेली, जास्त कमावणारी कुटुंबं गोळा होतात. शेजाऱ्यांमधला हा फरक बाजूला काढल्यावर निव्वळ गुणांची किंमत आणखी खाली आली.

आणि आपल्या न्यू जर्सीवर तर १९६९ मध्येच काम झालंय. वॉलेस ओट्स यांनी ईशान्य न्यू जर्सीतली ५३ गावं घेतली. प्रत्येक गावाचा टॅक्सचा दर, दर मुलामागे शाळेचा खर्च आणि मिडटाउन मॅनहॅटनपासूनचं अंतर मांडलं. टॅक्स जास्त तिथे घरं स्वस्त, शाळेवर खर्च जास्त तिथे महाग, मॅनहॅटनपासून लांब तिथे स्वस्त. तुमच्या जेवणाच्या टेबलावर जो वाद चाललाय तोच, ५० वर्षांहून जुना.

रानवारा

आकडे ठीक आहेत, पण मी रेघ हललेली बघितली आहे. ते सांगतो.

आम्ही २०१६ मध्ये घर घेतलं ते एका विशिष्ट प्राथमिक शाळेसाठी. घरापासून शाळा दिसायची. मुलगा दुसरीत असताना हिवाळ्यात डिस्ट्रिक्टकडून पत्र आलं की शाळांमधली पटसंख्या असमान झाली आहे, नव्या वस्त्या झाल्या आहेत, म्हणून हद्दी नव्याने आखायच्या आहेत. हायस्कूलच्या जिममध्ये जाहीर सभा ठेवली होती. भिंतीवर प्रोजेक्टरने नकाशा दाखवत होते. गुलाबी भाग एका शाळेचा, हिरवा दुसऱ्या. मी पुढे जाऊन आमची गल्ली शोधली. आमच्या घराची बाजू हिरवी झाली होती आणि समोरची गुलाबीच राहिली होती. समोरच्या घरातला मुलगा माझ्या मुलाचा जिवलग मित्र.

बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. एक बाई बोलताना रडल्या, त्यांनी सहाच महिन्यांपूर्वी घर घेतलं होतं. डिस्ट्रिक्ट चालवणाऱ्या शाळा बोर्डाच्या लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या बैठकीत ठराव पास झाला. एका संध्याकाळचं काम.

मला राग शाळेचा आला नाही. नवी शाळाही चांगलीच निघाली, तिथल्या बाई आजही आठवतात. राग बसचा आला. न्यू जर्सीत आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून २ मैलांहून जास्त लांब असेल तरच डिस्ट्रिक्टवर बसची सक्ती आहे, हायस्कूलला २.५ मैल. अंतर रस्त्याने किंवा पायवाटेने, जवळात जवळच्या मार्गाने मोजतात. आमचं १.९ भरलं. तीन वर्षं रोज सकाळी मी गाडीत आणि पुढे ड्रॉप-ऑफची रांग. माझी ऑफिसला जायची वेळ पाऊण तासाने पुढे गेली. घर घेताना "कम्यूट" म्हणजे ऑफिसचा रस्ता एवढंच डोक्यात होतं. मुलाचाही कम्यूट असतो हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

निशिगंध

रानवारा, हे वाचून पोटात गोळा आला. घराची किंमत पडली का हो?

रानवारा

लगेच नाही. त्या वर्षी सगळीकडेच घरं चढत होती, त्यामुळे वेगळं काही कळलं नाही. पण समोरच्या बाजूचं एक घर आणि आमच्या बाजूचं एक घर नंतर एकाच उन्हाळ्यात विकली गेली, तेव्हा समोरच्याला ऑफर्स जास्त आल्या. दोन घरांवरून नियम काढू नका, मीही काढत नाही.

उंबरठा

मी इथे लायसन्स असलेला एजंट आहे, तेव्हा काही गोष्टी मी बोलू शकत नाही हे आधीच सांगतो. १९६८ च्या फेअर हाउसिंग ॲक्टनुसार गिऱ्हाइकाला वंश, धर्म, मूळ देश वगैरे बघून एखाद्या वस्तीकडे वळवणं किंवा तिथून परतवणं बेकायदेशीर आहे. "ही शाळा चांगली" हे वाक्यही पुष्कळदा त्याच गोष्टीचं टोपणनाव असतं, म्हणून जबाबदार एजंट ते टाळतो. तुमचा एजंट शाळेबद्दल गप्प बसत असेल तर तो टाळाटाळ करतोय असं समजू नका.

पण कुठे विचारायचं ते सांगू शकतो. लिस्टिंगवर, म्हणजे घराच्या विक्रीच्या जाहिरातीत, लिहिलेली शाळा ग्राह्य धरू नका, वेबसाइटवरच्या नकाशातली तर नकोच. डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रारला (शाळाप्रवेशाची नोंद ठेवणाऱ्याला) फोन करा, घर नंबरासकट पूर्ण पत्ता द्या, आणि उत्तर ईमेलवर मागा. गल्लीच्या नावावर उत्तर घेऊ नका. एकाच गल्लीचे सम नंबर एका शाळेत आणि विषम नंबर दुसऱ्या शाळेत, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय.

दुसरी फसगत पोस्टाच्या पत्त्याची. न्यू जर्सीत पोस्टाचं गाव आणि टाउनशिप यांचा मेळ असेलच असं नाही. पत्त्यात प्रिन्सटन लिहिलेलं घर वेस्ट विंडसरमध्ये असू शकतं, प्लेन्सबरोमध्ये असू शकतं, मॉन्टगोमेरीत असू शकतं. आइसलिन म्हणून जे म्हणतो ते वुडब्रिज टाउनशिपमध्ये, बास्किंग रिज बर्नार्ड्समध्ये, केंडल पार्क साउथ ब्रन्सविकमध्ये. मुलाची शाळा टाउनशिपवर ठरते, पोस्टावर नाही. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर वर टाउनशिपचं नाव आणि ब्लॉक-लॉट नंबर असतो, तो बघा.

एक कुटुंब नामांकित गावाचा पत्ता बघून ऑफर टाकायच्या बेतात होतं. टॅक्सचं बिल मागवल्यावर शेजारच्या टाउनशिपचं निघालं. ती शाळाही उत्तम होती, पण ते ज्याचे पैसे देत होते ती नव्हती.

शेवंती

मी इथल्या एका पब्लिक स्कूलमध्ये सतरा वर्षं शिकवते. (शाळेचं नाव नको.) मला या धाग्यावर एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

घरांच्या वेबसाइटवर शाळेपुढे १ ते १० मधला जो आकडा दिसतो, तो बघून तुम्ही आयुष्यातला सगळ्यात मोठा खर्च करताय. त्या आकड्यात परीक्षेतल्या गुणांचा मोठा वाटा असतो, आणि गुण बऱ्याच अंशी आईवडिलांचं शिक्षण आणि उत्पन्न दाखवतात. ज्या शाळेत इंजिनीअर-डॉक्टरांची मुलं जास्त, तिचा आकडा मोठा. माझ्या वर्गात सप्टेंबरमध्ये इंग्लिश येत नसलेली मुलं येतात आणि जूनमध्ये गोष्टी लिहितात. ती शाळा ६ वर असते. एकही मूल मागे नव्हतंच अशी शाळा ९ वर असते. शिकवणं कुठे जास्त झालं?

न्यू जर्सी राज्य दर वर्षी प्रत्येक शाळेचा परफॉर्मन्स रिपोर्ट जाहीर करतं. त्यात "ग्रोथ" म्हणून एक भाग असतो: राज्यात गेल्या वर्षी ज्यांचे गुण सारखे होते अशा मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं किती पुढे सरकली. निशिगंध, तुम्ही आधी तुमच्या दोन्ही घरांच्या प्राथमिक शाळांचं ते पान काढा. हायस्कूलचं नंतर. मुलगी पाच वर्षांची आहे, तिला आत्ता वाचायला शिकायचंय.

आणि शक्य असेल तर शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर अर्धा तास उभ्या राहा. मुलं बाहेर कशी येतात ते बघा. तेवढ्यात खूप कळतं.

केशर

शेवंतीताईंना अनुमोदन. मोठ्या आकड्याची दुसरी बाजू मी लिहिते.

आम्ही मुद्दाम "महाग" हद्दीत भाड्याने राहिलो, मुलगा सहावीत गेल्यापासून. शाळा उत्कृष्टच होती, पण घरातली झोप गेली. नववीत कुठला गणिताचा वर्ग मिळाला यावरून मुलं एकमेकांची किंमत ठरवत. दहावीत त्याने एकदा विचारलं, "मी इथे सरासरीपेक्षा खाली आहे, तर मी मठ्ठ आहे का?" त्याचे गुण दुसऱ्या कुठल्याही शाळेत वरचे म्हणून गणले गेले असते. आम्ही त्याच टाउनशिपमध्ये दुसऱ्या हद्दीत घर घेतलं. एपीचे, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, वर्ग इथेही आहेत, रोबोटिक्सही आहे, आणि टीममध्ये त्याला जागा मिळाली. तो हसायला लागला.

प्रत्येक मुलाचं असंच होईल असं नाही, माझ्या पुतणीला तीच चुरस मानवली. पण पाच वर्षांच्या मुलीला काय मानवेल हे आज कसं ठरवणार? म्हणून मला वाटतं, आधी भाड्याने राहून बघण्यात काही कमीपणा नाही.

पिंपळपान

आता ट्रेनबद्दल.

मी १९९४ मध्ये मॉरिस ॲण्ड एसेक्स लाइनवरच्या एका गावात घर घेतलं. तेव्हा आमची गाडी होबोकेनला, म्हणजे हडसन नदीच्या अलीकडेच, संपायची. तिथे उतरून जिने चढ-उतर करत पाथ ट्रेन पकडायची, मग मॅनहॅटन. पावसात, बर्फात, गर्दीत तीच कसरत. माझं ऑफिस मिडटाउनला असूनही मी तिथे घर घेतलं, कारण आमच्या लाइनवरची गावं मला परवडली; वॉल स्ट्रीटच्या बाजूला जाणाऱ्यांनाच ती सोयीची होती. जून १९९६ मध्ये मिडटाउन डायरेक्ट सुरू झाली. कर्नीजवळ रुळांचा एक जोड टाकला आणि आमच्या गाड्या थेट मिडटाउनमधल्या पेन स्टेशनला जाऊ लागल्या. घर तेच, शाळा तीच, रुळांचा एक तुकडा नवा. दोन-तीन वर्षांत आमच्या गल्लीत न्यूयॉर्कहून येणाऱ्या जोडप्यांची रीघ लागली. साउथ ऑरेंज, मेपलवुड, समिट, सगळीकडे तेच. माँटक्लेअरला थेट जोड २००२ मध्ये मिळाला, तिथेही किमती हलल्या.

मग २०१७ चा उन्हाळा आला. पेन स्टेशनातल्या रुळांची दुरुस्ती निघाली आणि जवळपास आठ आठवडे आमच्या लाइनच्या मिडटाउन डायरेक्ट गाड्या होबोकेनला वळवल्या. मी पुन्हा त्याच जिन्यांवर, २१ वर्षांनी! माझ्या शेजारी उभा असलेला तरुण वैतागून म्हणाला, "मी घर थेट गाडीसाठी घेतलंय." मला त्याची खरंच कणव आली. त्याने ज्याचे पैसे दिले होते ते वेळापत्रक होतं, आणि वेळापत्रक त्याच्या मालकीचं नव्हतं.

हडसनखाली न्यू जर्सीहून पेन स्टेशनला जाणारे बोगदे दोनच आहेत, १९१० चे. २०१२ च्या सँडी वादळात त्यांत खारं पाणी शिरलं, त्याची झीज अजून चालू आहे. नवे बोगदे काढायचा एआरसी प्रकल्प २०१० मध्ये रद्द झाला. आता गेटवे या नव्या बोगद्यांच्या प्रकल्पाचं काम चाललंय. रॅरिटन व्हॅली लाइनच्या लोकांना गर्दीच्या वेळी नेवार्कला गाडी बदलावी लागते ती मुळात याच अडचणीमुळे. त्या लाइनवरची घरं बघताना लोक "एक दिवस थेट गाडी येईल" म्हणून पैसे मोजतात. येईलही. पण मी त्या आशेवर मॉर्गेज काढणार नाही.

निशिगंध, तुमचा खरा प्रश्न स्टेशनपर्यंतचा आहे. सतरा मिनिटं चालत हे सोनं आहे. पायी चालायला परमिट लागत नाही, वेटिंग लिस्ट नाही, बर्फ पडला तरी गाडी उकरून काढायची नाही. परमिट काही ठिकाणी गावातल्या रहिवाशांनाच मिळतं आणि तरी वर्षं जातात. नवऱ्याला ट्रेनऐवजी गाडीने जायचं म्हटलं तर बोगद्याचा टोल, पार्किंग, आणि जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनमध्ये ६० व्या रस्त्याच्या खाली दिवसा गाडी नेली की ९ डॉलरचा आकार वेगळा.

कवडसा

पिंपळपान काका, हा प्रतिसाद जपून ठेवणार.

मी थोडा हिशोब केला. ८० हजारांचं कर्ज ३० वर्षांसाठी, व्याज ६.५ टक्के धरलं तर महिना साधारण ५०६ डॉलर. मुलगी हायस्कूलला पोचेपर्यंतच्या ९ वर्षांत सुमारे साडेचोपन्न हजार भरून होतील आणि त्यातले ४४ हजार निव्वळ व्याज. मुद्दल ८० हजार घर विकताना परत मिळेल असं धरू, रेघ जागेवर राहिली तर. व्याज मात्र गेलं. टॅक्ससाठी उत्तरेकडच्या घराची किंमत जास्त धरली गेली तर टॅक्सही जास्त, दर एकच असला तरी. न्यू जर्सीतलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्स बिल २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या वर गेलंय आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग शाळांकडेच जातो, तेव्हा ही बाब किरकोळ नाही.

दुसरीकडे वेळ. उत्तरेकडून स्टेशन गाठायला, गाडी लावायला जाताना-येताना मिळून ४० मिनिटं जास्त लागतात असं धरा. आठवड्याला ३ दिवस, वर्षाचे ४६ आठवडे: ९२ तास. ९ वर्षांत ८२८. यातले निम्मे तरी तास संध्याकाळचे असतात, मुलगी जागी असतानाचे.

शेवंती

शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद. माझ्या वर्गातल्या मुलांना संध्याकाळी कुणीतरी वाचून दाखवतं की नाही हे मला सोमवारी सकाळी कळतं.

पाऊलवाट

वाचतेय. आमचाही हाच प्रश्न, फक्त मुलगा आठवीत. आम्हाला ९ वर्षं थांबायची चैन नाही, तेव्हा आम्ही हद्द बघूनच घेतोय. परिस्थिती वेगळी, निर्णय वेगळा.

कवडसा

पाऊलवाट, अगदी बरोबर. तुमच्या बाबतीत रेघ पुढची चार वर्षं टिकली म्हणजे झालं, आणि हद्द बदलली तरी पुष्कळ ठिकाणी हायस्कूलमध्ये असलेल्या मुलांना तिथेच पूर्ण करू देतात. बोर्डाच्या धोरणात "ग्रँडफादरिंग" शोधा.

यावरून महत्त्वाचं राहिलं ते लिहिते. रेघा दोन प्रकारच्या आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. डिस्ट्रिक्टच्या आत कुठलं घर कुठल्या शाळेला, ही रेघ बोर्डाच्या ठरावाने हलते. रानवारांनी पाहिलंच. पण दोन डिस्ट्रिक्टांमधली रेघ जवळजवळ कायमची. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या मिलिकन विरुद्ध ब्रॅडली खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवलं, की शहरातल्या शाळांमधलं वर्णभेदी विभाजन मोडण्यासाठी उपनगरांच्या डिस्ट्रिक्टांना त्यात ओढता येणार नाही, त्यांनी स्वतः काही गैर केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय. त्याने उपनगराच्या सीमेला भिंतीचं बळ आलं. न्यू जर्सीत जवळपास ६०० डिस्ट्रिक्ट आहेत, म्हणजे अशा भिंती गावागणिक. हे न्याय्य आहे असं मी म्हणत नाही. मला ते मुळीच न्याय्य वाटत नाही. भिंतीच्या पलीकडच्या मुलाने काय केलं होतं? पण घर घेताना कुठली रेघ टिकाऊ आहे हे माहीत असायला हवं. जास्त पैसे द्यायचेच असतील तर डिस्ट्रिक्टच्या रेघेला द्या, आतल्या रेघेला जपून.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोचं उदाहरण बघा. दोन टाउनशिप, एक डिस्ट्रिक्ट, हायस्कूल दोन: साउथ आणि १९९७ मध्ये सुरू झालेलं नॉर्थ. टॅक्सचा दर दोन्ही टाउनशिपांत वेगळा, डिस्ट्रिक्ट मात्र तेच. आणि माँटक्लेअरमध्ये तर १९७० च्या दशकापासून मॅग्नेट पद्धत आहे, कुटुंबं प्राथमिक शाळांचा पसंतीक्रम देतात, आणि हायस्कूल सगळ्या गावाचं एकच. तिथे रस्त्याच्या कुठल्या बाजूला घर आहे याने शाळा ठरत नाही.

रानवारा

हे आम्हाला २०१६ मध्ये कुणी सांगितलं असतं तर! निशिगंध, एक काम करा. बऱ्याच डिस्ट्रिक्टनी पुढच्या काही वर्षांच्या पटसंख्येचा अंदाज डेमोग्राफरकडून, म्हणजे लोकसंख्येच्या अभ्यासकाकडून, काढून घेतलेला असतो. बोर्डाच्या वेबसाइटवर बैठकींच्या कागदपत्रांत सापडतो. एका शाळेत वर्ग ओसंडतायत आणि दुसरीत खोल्या रिकाम्या असं दिसलं तर रेघ हलणार हे समजून चाला. आमच्या डिस्ट्रिक्टचा तसा अहवाल घर घेण्याआधी दोन वर्षं वेबसाइटवर पडून होता. मी कधी उघडलाच नाही.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. गेल्या दहा दिवसांत काय झालं ते लिहिते.

रजिस्ट्रारना ईमेल केला, दोन्ही पत्ते देऊन. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हायस्कूलची हद्द लिस्टिंगप्रमाणेच आहे, पण मिडल स्कूल दोन्ही घरांना एकच! हे आम्हाला कुठल्याच वेबसाइटवर कळलं नव्हतं. खाली एक ओळ होती: हद्दींमध्ये बदल करण्याचा अधिकार बोर्डाने राखून ठेवला आहे.

डेमोग्राफरचा अहवालही सापडला. उत्तरेकडचं हायस्कूल क्षमतेच्या वर आहे आणि आकडा वाढणार असा अंदाज आहे. दक्षिणेकडच्यात जागा आहे. नकाशा उघडून बघितला, तर उत्तरेकडचं ते घर हद्दीच्या अगदी कडेला. उद्या कुणी रेघ सरकवायची ठरवली तर पहिला नंबर त्याच गल्लीचा. ८० हजार देऊन आम्ही सगळ्यात डळमळीत जागा विकत घेणार होतो.

शेवंतीताई, दोन्ही प्राथमिक शाळांबाहेर उभी राहिले. दक्षिणेकडच्या शाळेत एक बाई प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून निरोप देत होत्या. एक छोटी मुलगी पुन्हा मागे पळाली, हातातला कागदाचा पक्षी त्यांना दाखवला आणि मग आईकडे आली. ग्रोथचं पानही बघितलं, तिथेही ती शाळा मागे नाही.

दक्षिणेकडच्या घराला ऑफर दिली आणि काल ती मान्य झाली. उत्तरेकडच्यापेक्षा ८० हजारांनी कमी नाही हं, ७२. तिथेही दोन ऑफर्स होत्या, त्यामुळे थोडं वर जावं लागलं. आता ॲटर्नी रिव्ह्यूचे (वकिलाने करार तपासायचे) तीन दिवस चालू आहेत, मग इन्स्पेक्शन.

सासरे फोनवर म्हणाले, चांगली शाळा सोडून दुसरी का घेता? त्यांना कसं समजावायचं हे अजून सुचलेलं नाही. मंगळवारी नवरा त्या घरापासून चालत जाऊन सकाळची गाडी पकडणार आहे, घर ताब्यात यायच्या आधीच. पाऊस सांगितलाय. त्याला म्हटलं, उलट बरंच, छत्री घेऊन सतरा मिनिटांची किती होतात तेही कळेल.

पिंपळपान

मंगळवारी किती झाली ते इथे लिहा.